जैसलमेरला नेताय, तर मुलांना समुद्र दाखवा

नागपुरातल्या शाळांच्या सहल समित्यांना आणि भूगोल-विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांतून सहलीच्या चिठ्ठ्या निघतात. पालकांची संमती, निम्मे पैसे आगाऊ, गरम कपडे सोबत आणणे. अलीकडे त्या चिठ्ठ्यांवर जयपूर, जोधपूर, जैसलमेर ही नावं मला वरचेवर दिसतात. शेजारची मुलं मुद्दाम दाखवायला आणतात, कारण मी 27 वर्षं माध्यमिक शाळेत भूगोल शिकवला आणि तीनदा मुलांना घेऊन जैसलमेरला जाऊन आले, हे त्यांना माहीत आहे. त्या सहलींत माझ्याकडून एक मोठी गोष्ट राहून गेली आणि एक चुकली. तुमच्याकडून तसं होऊ नये म्हणून हे पत्र.

पहिल्या सहलीतली गोष्ट. जैसलमेर शहराबाहेर बडाबाग आहे. राजघराण्यातल्या लोकांच्या दगडी छत्र्या उंचवट्यावर उभ्या आहेत, मागे पवनचक्क्या फिरत असतात. मुलं फोटो काढण्यात गुंतली होती. नववीतला एक मुलगा मात्र उतारावर उकिडवा बसून जमिनीकडे बघत होता. मी हाक मारली तेव्हा मूठ पुढे करून आला. तळहातावर पिवळट दगडाचा तुकडा, सुपारीपेक्षा थोडा मोठा, दोन्ही बाजूंनी फुगीर, आणि त्यावर एका टोकाकडून पसरत गेलेल्या पंख्यासारख्या बारीक रेघा. "मॅडम, हा शिंपला आहे ना? इथं कसा आला?"

मी घड्याळ बघितलं. जेवणाची वेळ टळत होती आणि चाळीस मुलं उपाशी असली की काय होतं ते तुम्ही जाणता. "कुणीतरी आणून टाकला असेल. चल, गाडी सुटते," असं मी म्हणाले. त्याने तो तुकडा होता तिथे परत ठेवला आणि बसमध्ये जाऊन बसला. पुन्हा काही विचारलं नाही. त्या मुलाने तोवर समुद्र पाहिला नव्हता. आमच्या वर्गातल्या निम्म्याहून जास्त मुलांनी पाहिला नव्हता. झिरो माईलच्या शहरात राहणाऱ्या मुलांचं यात नवल नाही.

'गाळाच्या खडकांत जीवाश्म सापडतात' हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. तो जीवाश्म एका मुलाने माझ्यासमोर धरला तेव्हा मला तो ओळखता आला नाही.

पुढे काही वर्षांनी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणात पश्चिम राजस्थानच्या खडकांचा तक्ता पडद्यावर आला. जैसलमेरच्या चुनखडीच्या थरांची नावं खालून वर लिहिली होती: हमीरा, जोयन, फोर्ट, बडाबाग, कुलधर, जाजिया. मी वहीत उतरवून घेत होते. चौथ्या नावाला पेन थांबलं.

भूशास्त्रज्ञ थरांना जवळच्या गावाचं, ठिकाणाचं नाव देतात. ज्या थरावर जैसलमेरचा किल्ला उभा आहे त्याला त्यांनी फोर्ट असंच नाव दिलं. त्याच्या वरचा बडाबाग, त्याच्याही वरचा कुलधर. आता आपल्या सहलीचा कार्यक्रम काढून बघा. सकाळी किल्ला, मग बडाबाग, मग कुलधरा हे ओसाड गाव, संध्याकाळी सम गावाजवळचे वाळूचे ढिगारे आणि उंटावरची फेरी. एका बुडालेल्या समुद्राच्या तळाचे एकावर एक तीन थर आपण मुलांना ओळीने दाखवून आणतो आणि समुद्राचं नावही काढत नाही.

तो समुद्र साधारण 17 ते 16 कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा भारत आजच्या जागी नव्हता. विषुववृत्ताच्या दक्षिणेला, मादागास्करला आणि अंटार्क्टिकाला चिकटलेला होता. हिमालय नव्हता. गवत नव्हतं, फुलं नव्हती. उत्तरेला टेथिस नावाचा समुद्र होता आणि त्याचं पाणी आजच्या कच्छ-जैसलमेरच्या सखल भागात शिरलं होतं. उथळ, कोमट, उन्हात तळ दिसेल असं पाणी.

उथळ आणि कोमट हे कशावरून, असं मुलं विचारतील. विचारायलाच हवं. जैसलमेरच्या काही चुनखडीवर थोडं पाणी शिंपडा आणि भिंग धरा. खसखशीच्या दाण्यांसारखे गोल गोल कण एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. पाण्यात विरघळलेला चुना वाळूच्या एखाद्या कणाभोवती किंवा शिंपल्याच्या कपच्यांभोवती थराथराने बसतो आणि लाटा त्याला सतत लोळवत राहतात, म्हणून तो गोल होतो. बुंदीचा लाडू वळावा तसं नव्हे, परातीत साबुदाणा घोळवावा तसं. असे कण आजही बहामा बेटांजवळच्या उथळ, उबदार, हलत्या पाण्यात तयार होताना दिसतात. खोल किंवा संथ थंड पाण्यात होत नाहीत. तो दाणा हातात धरला की पाणी कसं होतं ते कळतं, त्यासाठी कुणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागत नाही. दगडाचा सोनेरी रंग त्यातल्या लोहामुळे आलेला आहे. त्याच रंगाचा किल्ला बघायला आपण एवढ्या लांब जातो.

आणि शिंपले तर आहेतच. प्रवाळ आहेत, गुंडाळीच्या शंखासारखं कवच असलेले, आता नामशेष झालेले अमोनाइट आहेत, समुद्राच्या तळात खेकड्यांसारख्या जीवांनी केलेली बिळं गाळाने भरून दगड झालेली आहेत. 2021 मध्ये इथल्याच खडकातून शार्कच्या एका नव्या जातीची नोंद झाली, स्ट्रोफोडस जैसलमेरेन्सिस. तिचे दात भक्ष्य फाडायचे नव्हेत, कवचं चिरडायचे होते. म्हणजे शिंपलेही होते आणि ते खाणाराही होता. 2023 मध्ये जैसलमेरजवळच्या जेठवाई गावातल्या 16.7 कोटी वर्षांपूर्वीच्या खडकातून लांब मानेच्या शाकाहारी डायनासोरची ओळख पटली. त्याचं नाव थारोसॉरस इंडिकस. जमिनीवरच्या प्राण्याची हाडं समुद्राच्या गाळात मिळाली, तर किनारा फार लांब नसावा. एवढा तर्क आठवीतली मुलगी बसल्या जागी करते. तिसऱ्या सहलीत एकीने केला.

बाडमेर रस्त्यावर जैसलमेरपासून 17 किलोमीटरवर आकल आहे. तिथे 21 हेक्टरांच्या कुंपणात दगड झालेली झाडं पडली आहेत. साधारण 18 कोटी वर्षांपूर्वीची, म्हणजे या समुद्राच्याही आधीची. काही ओंडक्यांवर साल आणि गाठी कळतात. बहुतेक सहली तिथे जात नाहीत, 'बघण्यासारखं काही नाही' असं टूरवाले सांगतात. मी सांगते, जा. आधी आकलला जा आणि मग किल्ल्यावर चढा. जंगल होतं, मग तिथे पाणी आलं, हे मुलांना पायांनी कळेल.

आता एक गैरसमज. आमच्या पहिल्या सहलीतल्या वाटाड्याने समच्या ढिगाऱ्यांवर उभं राहून सांगितलं होतं की ही वाळू समुद्राची, पाणी आटलं आणि वाळू राहिली. ऐकायला फार गोड वाटतं. मीही वर्गात परत येऊन तेच सांगितलं. ते खरं नाही. ती वाळू वाऱ्याने आणून टाकलेली आहे, मुख्यतः नद्यांच्या गाळातून उचललेली, आणि तिचं वय लाखांत आणि हजारांत मोजायचं असतं. कोटींत मोजायचा तो खाली असलेला दगड. समुद्र शोधायचा तर ढिगाऱ्यावरून उतरून खडकाळ माळावर यावं लागतं. उंटाची फेरी जिथे संपते, तिथे खरं सुरू होतं.

वाल्मीकी रामायणात सेतू बांधण्याआधीचा प्रसंग आहे. समुद्रावर रोखलेला बाण परत घेता येत नाही, तेव्हा सागराच्या सांगण्यावरून राम तो उत्तरेकडच्या द्रुमकुल्य नावाच्या जागी सोडतो, तिथलं पाणी आटतं आणि ती भूमी मरुकांतार म्हणून ओळखली जाते. मुलांना ही गोष्ट जरूर सांगा, तिथे उभं राहून ऐकताना अंगावर काटा येतो. पण लगेच हेही सांगा की जैसलमेरचा समुद्र कुठल्याच माणसाने पाहिलेला नाही. तो शेवटचा मागे हटला तेव्हा माणूस जन्माला यायला कोट्यवधी वर्षं बाकी होती. कथा आणि दगड या दोन वेगळ्या साक्षी आहेत, एकीच्या तोंडी दुसरीचे शब्द घालू नका.

शेवटचा म्हटलं, कारण समुद्र एकदाच आला नाही. मध्ये हटला, पुन्हा आला. हबूर गावाचा तपकिरी-सोनेरी दगड, ज्याच्या वाट्या जैसलमेरच्या बाजारात मिळतात आणि ज्यात विरजणाशिवाय दही लागतं असं तिथले लोक सांगतात, तो नंतरच्या एका समुद्राचा. त्यात अमोनाइटचे आणि शिंपल्यांचे छेद स्पष्ट दिसतात. दही लागतं की नाही ते घरी करून बघा. आणि जैसलमेरच्या पश्चिमेला आणखी तरुण चुनखडी आहे, 5 ते 4 कोटी वर्षांपूर्वीची, तिच्यात नाण्यांसारखे चपटे न्यूम्युलाइट खच्चून भरलेले असतात. एकपेशीय जीवांची ती कवचं. गिझाच्या पिरॅमिडांच्या दगडातही तीच नाणी आहेत. त्या काळात भारत आशियाला भिडत होता, टेथिस आक्रसत चालली होती. त्यानंतर जैसलमेरला समुद्र आला नाही.

आता माझी दुसरी चूक. ही सांगायला मला जास्त जड जातं.

प्रशिक्षणानंतर मी दुसऱ्यांदा मुलांना घेऊन गेले तेव्हा पूर्ण तयारीने गेले. कुलधऱ्याच्या वाटेवर बस थांबवली, मुलांना माळावर सोडलं आणि सांगितलं, शोधा. अर्ध्या तासात शर्टाचे खिसे लोंबायला लागले. मुलं इतकी खूश होती की मलाच भरून आलं. तिथे शेळ्या चारणारे एक म्हातारे बाबा काठीवर हनुवटी टेकवून आमच्याकडे बघत होते. निघताना मला म्हणाले, "बहनजी, आप तो एक बार आए हो. गाड़ियाँ रोज़ आती हैं."

रात्रीच्या गाडीत मी मुलांकडून दगड गोळा केले. शंभराच्या वर निघाले. परत नेऊन ठेवायला वेळ नव्हता आणि कुठला कुठून उचलला ते कुणालाच सांगता येत नव्हतं. अमोनाइटच्या जाती फार भराभर बदलत गेल्या, म्हणून कुठल्या थरात कुठली जात आहे त्यावरून थराचं वय ठरतं. थरातून सुटलेला आणि जागेची नोंद नसलेला अमोनाइट म्हणजे पोस्टाचा शिक्का पुसलेलं पत्र. मुलाने विचारलेल्या एका प्रश्नाला मी पहिल्यांदा हाकलून दिलं होतं. दुसऱ्या वेळी शंभर उत्तरं मी स्वतःच्या हाताने पुसली.

इजिप्तच्या वाळवंटात वादी अल-हितान म्हणून जागा आहे. अरबीत अर्थ देवमाशांचं खोरं. सुमारे 4 कोटी वर्षांपूर्वी तिथे टेथिसचं पाणी होतं आणि त्यात बॅसिलोसॉरससारखे देवमासे होते, पंधरा-अठरा मीटर लांब, तरी मागचे चिमुकले पाय अजून न गेलेले. त्यांचे सांगाडे आज वाळूत जसे आहेत तसेच पडून आहेत. 2005 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. आखलेल्या पायवाटेने लोक चालतात, बघतात आणि परत जातात. माणूस एखाद्या सांगाड्याजवळ उभा राहतो तेव्हा तो त्याच तळावर उभा असतो जिथे तो जीव बुडाला. संग्रहालयाच्या काचेत हे कधीच मिळत नाही. आपल्याकडे अशा जागांसाठी वेगळा कायदा करण्याचा मसुदा खाण मंत्रालयाने 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला होता. कायदा काय म्हणेल तो म्हणेल. आपल्या मुलांचे खिसे आपल्या ताब्यात आहेत.

म्हणून माझं मागणं साधं आहे. जैसलमेरच्या दोन दिवसांतला अर्धा दिवस या समुद्राला द्या. उंटाची फेरी रद्द करा असं मी म्हणत नाही, मुलं रुसतील आणि त्यांचं बरोबर असेल. पण हवेलीतली खरेदी तासाभराने कमी करता येते. मुलांना सांगा की दगड उचलायचा, बघायचा, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून फोटो काढायचा, वहीत जागेचं नाव लिहायचं, शक्य तर चित्र काढायचं आणि दगड होता तिथे, होता तसा ठेवायचा. तिसऱ्या सहलीत आम्ही असं केलं. त्या वह्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. आपल्या शहरात सेमिनरी हिल्सवर भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या मध्य विभागाचं कार्यालय आहे, विद्यापीठात भूशास्त्राचा विभाग आहे. निघण्याआधी तिथल्या एखाद्या जाणकाराला तासभर शाळेत बोलवायला काय हरकत आहे?

तयारीची सुरुवात शाळेच्या व्हरांड्यातच होऊ शकते. आपल्याकडे घरोघरी कोटा फरशी असते. तिच्यावर लिंबू सांडलं की डाग पडतो आणि आई रागावते, हे प्रत्येक मुलाला माहीत असतं. का पडतो, हे सांगितलेलं नसतं. कोटा फरशी चुनखडीची आहे आणि लिंबाचं आम्ल चुन्याला खातं. एका फुटक्या तुकड्याचा चुरा करून त्यावर रस पिळा, बारीक बुडबुडे येतात. तीही राजस्थानातलीच, तीही एका समुद्राच्या तळाचीच, फक्त तो समुद्र इतका जुना की शिंपले करणारे प्राणी अजून पृथ्वीवर यायचे होते. म्हणून तिच्यात शिंपला सापडत नाही. मग किल्ल्याच्या काळ्या दगडावर, म्हणजे आपल्या सीताबर्डीच्या टेकडीवरच्या बेसाल्टवर, तोच रस टाकून बघायला सांगा. काही होत नाही. तो लाव्ह्याचा. जैसलमेरला पोहोचण्याआधी मुलांच्या हाताला हा फरक कळलेला असला पाहिजे.

आणि आपलं नागपूर यात कोरडं नाही. लाव्ह्याच्या एका लोंढ्यानंतर दुसरा येईपर्यंत इथे तळी साचत. स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले, त्यांच्या नावाचं कॉलेज आपल्याला माहीत आहे, हा दगडांमागचा माणूस मात्र कमी जणांना. त्यांनी आणि रॉबर्ट हंटर यांनी टाकळीच्या थरांतून गोड्या पाण्यातल्या गोगलगाई आणि वनस्पतींचे अवशेष जमवले आणि 1855 मध्ये लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात नागपूरच्या परिसरावर सविस्तर लिहिलं. नागपूरच्या गोगलगाई तळ्यातल्या, जैसलमेरचे अमोनाइट समुद्रातले. पाणी गोडं होतं की खारं, हे कवचावरून ओळखायचा धडा आपल्या दारातच पडला आहे.

याहून चकित करणारी गोष्ट शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे. झिलमिली गावाजवळ लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात समुद्रात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांची कवचं मिळाली. 2009 मध्ये गेर्टा केलर, सुनील बाजपेयी या जीवाश्म-अभ्यासकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावरून मांडलं की डायनासोर संपले त्याच सुमाराला, साडेसहा कोटींहून थोड्या अधिक वर्षांपूर्वी, नर्मदा-तापीच्या पट्ट्यातून समुद्राचा एक फाटा मध्य भारतापर्यंत आत आला होता. सगळ्या अभ्यासकांचं यावर एकमत नाही. मुलांना तेही सांगा, वाद चालू असलेली गोष्ट त्यांना फार आवडते. हेच बाजपेयी थारोसॉरसच्या संशोधनातही आहेत. सातपुड्यापलीकडे भरतीचं पाणी आलं असेल का, हा प्रश्न घेऊन जो मुलगा जैसलमेरला जाईल, तो तिथल्या दगडाकडे वेगळ्या नजरेने बघेल.

एक कामाची सूचना राहिली. माळावर भर दुपारी नेऊ नका. डोक्यावर ऊन असलं की दगड सपाट दिसतो. सकाळी आठच्या आत किंवा सूर्य कलल्यावर जा. तिरपं ऊन पडलं की शिंपल्यावरची प्रत्येक रेघ सावली धरते आणि मुलांना शोधावं लागत नाही, दिसतच जातं.

दुसऱ्या सहलीतले ते शंभरावर दगड माझ्याकडे बुटांच्या दोन खोक्यांत आहेत. कुठला कुठला ते आता कळायचं नाही. ज्या शाळेला हवे असतील तिने घेऊन जावेत. निघण्याच्या आदल्या दिवशी ते वर्गात मांडा, प्रत्येक मुलाच्या हातात एक द्या आणि विचारा, हा कुठून आणला असेल? कुणाला सांगता आलं नाही, की मग नाणं, वही आणि पेन्सिल वाटा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका
नागपूर